जिवंत साखळ्यांचे रबर

पहिल्या पावसाची सर पडून गेली की रस्त्यावर तेल, धूळ आणि पाणी यांचा बुळबुळीत थर तयार होतो आणि दुचाकीस्वार एकामागून एक घसरू लागतात. त्या क्षणी माणसाचा जीव अवलंबून असतो तो रस्त्याला टेकलेल्या, तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यावर. त्या तुकड्याने ओला रस्ता घट्ट धरावा ही आपली पहिली अपेक्षा. चाक फिरताना त्याने पेट्रोल कमी खावे ही दुसरी, आणि तो लवकर झिजू नये ही तिसरी. या तीन अपेक्षांचे आपापसांत पटत नाही. एकीचे लाड करावेत तर दुसरी रुसते. टायर बनविणारे या भांडणाला अनेक वर्षे तोंड देत आले आहेत.

हे भांडण पुष्कळसे मिटले ते एका फार लहान उपायाने. रबराचा रेणू म्हणजे सुमारे दोन हजार मण्यांची माळ असे समजा. त्या माळेच्या केवळ टोकाला एक वेगळा मणी बसवावयाचा, एवढाच तो उपाय. सांगावयास सोपा, करावयास मात्र महाकठीण. कारण ज्या रसायनाच्या साह्याने ही माळ ओवली जाते, त्या रसायनाचे आणि या वेगळ्या मण्याचे हाडवैर आहे. दोघे समोरासमोर आले की ओवणाराच मरतो. मग मणी बसवावयाचा कसा? या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या साठ-सत्तर वर्षांचे रबराचे रसायनशास्त्र सामावलेले आहे. कलाशाखेच्या वाचकाने रसायनाचे नाव ऐकताच पान उलटू नये, अशी विनंती आहे. या गोष्टीत सूत्रे नाहीत, आणि जन्म, मरण, सोयरीक व वैर हे तर आपलेच विषय आहेत.

माळ आणि गाठ

रबराच्या झाडाला खाच पाडली की दुधासारखा चीक गळतो. मायकेल फॅरेडेने १८२६ साली या रबराचे पृथक्करण करून त्यात केवळ कार्बन आणि हायड्रोजन असल्याचे दाखविले. १८६० साली ग्रेव्हिल विल्यम्सने रबर तापवून त्यातून एक पातळ द्रव वेगळा केला आणि त्याला आयसोप्रीन असे नाव दिले. रबराची माळ या आयसोप्रीनच्या मण्यांची. पण हे मणी खरोखरच एकमेकांत घट्ट ओवलेले असतात, एकेक रेणू हजारो मण्यांचा असू शकतो, हे मान्य व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर याने १९२० साली हा विचार मांडला तेव्हा भल्याभल्यांनी त्याला विरोध केला. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. अशा माळेला मराठीत बहुवारिक म्हणतात आणि तिच्या सुट्या मण्याला एकवारिक.

डब्यात टाकलेल्या सुतळीसारख्या या माळा एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. ओढले की सरळ होतात, सोडले की पुन्हा गोळा होतात. रबराच्या लवचीकपणाचे मूळ येथे आहे. परंतु नुसत्या गुंतलेल्या माळा उन्हाळ्यात एकमेकींवरून घसरतात आणि रबर चिकट होऊन पाघळते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला आढळले की गंधकाबरोबर तापविलेले रबर पाघळत नाही. गंधकाने शेजारच्या माळांमध्ये गाठी मारलेल्या असतात. यालाच व्हल्कनीकरण म्हणतात. आजही प्रत्येक टायर या गाठींवर उभा आहे.

या गाठींत एक दोष आहे. त्या सुटत नाहीत. पोळी भाजल्यावर तिची पुन्हा कणीक होत नाही, तसे व्हल्कनीकरण झालेले रबर पुन्हा वितळवून नव्या साच्यात ओतता येत नाही. गावाबाहेर जुन्या टायरांचे ढीग साचतात त्याचे कारण हेच.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, मलाया जपानच्या हाती गेला आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मोठा पुरवठा तुटला. अमेरिकेने घाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. ब्युटाडाईन आणि स्टायरीन हे दोन एकवारिक साबणाच्या पाण्यात घुसळून त्यांची मिश्र माळ बनविण्याची ही पद्धत होती. तिने युद्ध निभावले. पण त्या पद्धतीत प्रत्येक माळ क्षणात जन्मते, क्षणात वाढते आणि दुसऱ्या माळेवर आपटून मरते. कोणती माळ किती लांब, तिच्यात कोणता मणी कोठे, तिच्या टोकाला काय, यांपैकी कशावरही कारागिराचा ताबा नसतो.

न मरणारी माळ

हा ताबा मिळवून देणारा माणूस मायकेल श्वार्त्स. १९०९ साली पोलंडमध्ये जन्मलेला, जेरुसलेम व मँचेस्टर येथे शिकून-शिकवून १९५२ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे आलेला. १९५६ साली त्याने केलेला प्रयोग दिसावयास अगदी साधा होता. सोडियम धातू आणि नॅप्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांमधले नॅप्थलीनच, ही दोन द्रव्ये टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या द्रावकात मिसळली की गडद हिरवा रंग येतो. त्यात स्टायरीन घातले की क्षणात रंग लाल होतो. स्टायरीनची माळ ओवली जात असल्याची ती खूण. स्टायरीन संपले तरी लाल रंग जात नाही. आणखी स्टायरीन घातले की माळा जेथे थांबल्या होत्या तेथूनच पुन्हा वाढू लागतात आणि द्रव घट्ट होत जातो.

याचा अर्थ असा की या माळा मेलेल्या नाहीत. अन्न संपले म्हणून त्या थांबल्या आहेत, एवढेच. प्रत्येक माळेच्या टोकाशी ऋण विद्युत्‌भार असतो. ऋण भाराची दोन टोके एकमेकांना दूर लोटतात, म्हणून आपटून मरण्याचा प्रसंग येत नाही. श्वार्त्सने या माळांना 'जिवंत बहुवारिके' असे नाव दिले. रसायनशास्त्रात असे काव्यमय नाव क्वचितच रूढ होते, हे झाले. आजही प्रयोगशाळेत माळेची वाढ थांबविण्यास 'मारणे' असेच म्हणतात.

स्टायरीन संपल्यावर त्याच जिवंत टोकावर दुसरे एकवारिक, समजा आयसोप्रीन, घातले तर? माळेचा पहिला भाग स्टायरीनचा आणि पुढचा आयसोप्रीनचा होतो. फुलबाजारातले उदाहरण घ्यावयाचे तर झेंडू आणि शेवंती मिसळून ओवलेला हार वेगळा, आणि आधी हातभर झेंडू व मग हातभर शेवंती असा ओवलेला हार वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या माळेला खंड-सहबहुवारिक म्हणतात.

वितळणारी गाठ

या खंडांचा उपयोग रबरासाठी कसा करावयाचा हे शेल कंपनीच्या अमेरिकेतील रसायनज्ञांनी दाखविले. त्यांपैकी राल्फ मिल्कोविच हा श्वार्त्सच्या प्रयोगशाळेतच शिकलेला. त्यांनी तीन खंडांची माळ ओवली : दोन्ही टोकांना स्टायरीन आणि मध्ये लांबलचक ब्युटाडाईन. १९६५ साली हे रबर 'क्रेटॉन' या नावाने बाजारात आले.

त्यातील खुबी अशी. स्टायरीनचे बहुवारिक, म्हणजे ज्याचा थर्माकोल बनतो तेच, सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखे कडक असते. ब्युटाडाईनचे बहुवारिक उणे ९० अंशांच्या आसपासपर्यंत मऊच राहते. या दोघांचे एकमेकांत मिसळणे होत नाही. पण एकाच माळेत बांधलेले असल्यामुळे त्यांना लांबही जाता येत नाही. मग स्टायरीनची टोके आपसांत गोळा होऊन कडक गोळ्या बनवितात आणि त्या गोळ्यांना मऊ ब्युटाडाईनचे धागे जोडून ठेवतात. या गोळ्या एका मिलिमीटरचे लाख भाग करून त्यांतले दोन-तीन घ्यावेत एवढ्या लहान असतात. गंधकाच्या गाठीचे काम या गोळ्या करतात. फरक इतकाच की १०० अंशांच्या वर तापविले की ही गाठ मऊ पडते, रबर ओतता येते, आणि निवले की गाठ पुन्हा बसते. चपलांचे तळ, चिकटपट्ट्यांचा गोंद, रस्त्याच्या डांबरात मिसळावयाचे रबर अशा अनेक ठिकाणी हे द्रव्य गेले. मात्र टायरसाठी ते चालले नाही. धावणारा टायर तापतो, आणि तापल्यावर मऊ पडणाऱ्या गाठीवर गाडी चालवता येत नाही.

विरजण आणि पाण्याचा थेंब

आता ओवणाऱ्या रसायनाकडे वळू. कारखान्यात सोडियमऐवजी लिथियमचे संयुग वापरतात. त्याचे नाव ब्युटाइल लिथियम. बोलण्यात त्याला उत्प्रेरक म्हटले जाते. पण काटेकोर अर्थाने ते उत्प्रेरक नव्हे. उत्प्रेरक काम करून बाजूला होतो. ब्युटाइल लिथियमचा रेणू मात्र माळेच्या आरंभी स्वतःच जोडला जातो. दह्याच्या विरजणासारखे म्हणा, जे लावले ते त्यातच राहते. म्हणून त्याला आरंभक म्हणणे अधिक योग्य.

एका आरंभकापासून एकच माळ सुरू होते. त्यामुळे माळेची लांबी आधीच हिशेब करून ठरविता येते. समजा, एक लाख रेणुभाराच्या माळा हव्या आहेत. १०० ग्रॅम एकवारिकाला ब्युटाइल लिथियम लागते केवळ ६४ मिलिग्रॅम. कमी घातले की माळा लांब, जास्त घातले की आखूड.

याच हिशेबाची दुसरी बाजू भीतिदायक आहे. ६४ मिलिग्रॅम ब्युटाइल लिथियम मारावयास पाणी लागते अवघे १८ मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे १०० ग्रॅम मालात एक थेंब पाणी राहिले तर सगळ्या माळांचा जन्माआधीच जवळजवळ तीन वेळा मृत्यू व्हावा! हवेतील प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड हेही तसेच मारेकरी. म्हणून एकवारिके, द्रावक आणि भांडी कमालीची कोरडी व शुद्ध ठेवावी लागतात आणि सर्व काम नायट्रोजन किंवा आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूखाली चालते.

आरंभकात सुधारणा करावी लागली ती आणखी एका कारणासाठी. ब्युटाइल लिथियमचे रेणू पेट्रोलसारख्या द्रावकात एकेकटे राहत नाहीत. सहा-सहा जण गोळा करून बसतात. जत्रेत घोळका करून उभ्या राहिलेल्या मंडळींसारखे ते एकेक करून, रेंगाळत कामाला लागतात. जो आधी लागला त्याची माळ लांब, जो मागे राहिला त्याची आखूड. यावर दोन उपाय निघाले. पहिला, ब्युटाइलचाच थोडा निराळ्या बांधणीचा भाऊ वापरावयाचा. तो चार-चारच्या घोळक्यात राहतो आणि स्टायरीनबरोबर चटकन कामाला लागतो. दुसरा, टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रव्य किंचित घालावयाचे. ते लिथियमला धरून घोळका फोडते.

पण या दुसऱ्या उपायाने माळेचे व्याकरणच बदलते. नुसत्या पेट्रोलजातीच्या द्रावकात स्टायरीन आणि ब्युटाडाईन एकत्र घातले तर एक गंमत दिसते. एकटे असताना स्टायरीन अधिक वेगाने ओवले जाते. पण दोघे एकत्र असले की आधी ब्युटाडाईन संपते आणि मग स्टायरीनची पाळी येते. फिकट पिवळा द्रव शेवटी नारिंगी-लाल झाला की स्टायरीनचा खंड सुरू झाला असे ओळखावे. म्हणजे खंड आपोआप पडतात. टेट्राहायड्रोफ्युरान घातले की हा क्रम मोडतो, दोन्ही मणी मिसळून ओवले जातात आणि ब्युटाडाईनचा मणी माळेत ज्या पद्धतीने बसतो तीही बदलते. खंड हवे असतील तर हे द्रव्य मोजून-मापून घालावे लागते. औषध आणि विष यांत मात्रेचाच फरक, हे आयुर्वेदाला ठाऊक असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

उपसर्ग आणि प्रत्यय

आता मूळ प्रश्न. रबराची माळ कार्बन आणि हायड्रोजन यांचीच असल्याने स्वभावाने तेलकट. काच, धातू, नायलॉन, वाळू यांच्याशी तिचे जमत नाही. तिला बाहेर सोयरीक जोडावयाची तर तिच्या अंगी एखादा क्रियाशील गट हवा : आम्लाचा, अल्कोहोलाचा, अमाइनचा किंवा सिलिकॉनचा. पण आम्ल, अल्कोहोल आणि बहुतेक अमाइने ही जिवंत टोकाला पाण्याइतकीच मारक. ज्याला घरात आणावयाचे त्याच्याच पायगुणाने घरधनी मरावा, असा हा पेच. तो सोडविण्याच्या रीती व्याकरणाच्या भाषेत सांगता येतील.

पहिली रीत प्रत्ययाची. माळ पूर्ण ओवून झाली की शेवटी तो गट जोडावयाचा. जिवंत टोकाला आता मरावयाचेच आहे, तर त्याचे मरण सत्कारणी लावावे, अशी ही कल्पना. इथिलीन ऑक्साइड घातले तर शेवटी अल्कोहोलाचा गट बसतो. आणि टोकाशी लिथियम असल्यामुळे एकच मणी लागून काम थांबते. कार्बन डायऑक्साइड घातला तर आम्लाचा गट बसावा; पण येथे फसगत होते. एका माळेच्या टोकाला कार्बन डायऑक्साइड लागला की घोळक्यात शेजारीच बसलेली दुसरी जिवंत माळ त्यावर झडप घालते आणि दोन माळा एकमेकींना चिकटतात. आधी थोडे टेट्राहायड्रोफ्युरान घालून घोळका फोडला तर हा घोटाळा जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकेत ॲक्रन येथील रॉडरिक क्वर्क यांनी या टोकांच्या रसायनाचा कसून अभ्यास केला. प्रत्ययाच्या रीतीत वेळही सांभाळावा लागतो. तापलेल्या भांड्यात जिवंत माळा हळूहळू आपोआपही मरत असतात. उशीर झाला की प्रत्यय लावावयास टोकच उरत नाही.

दुसरी रीत उपसर्गाची. आरंभकाच्याच अंगी तो गट आधी बसवावयाचा, म्हणजे जन्मलेली प्रत्येक माळ तो घेऊनच जन्मते. वाटेत एखादी माळ मेली तरी तिच्या डोक्याशी गट असतोच, हा याचा मोठा फायदा. पण आरंभकाच्या एका हाताला लिथियम आणि दुसऱ्या हाताला अल्कोहोल असे असेल तर तो स्वतःलाच मारील. म्हणून अल्कोहोलाच्या गटावर सिलिकॉनयुक्त संयुगाचा मुखवटा चढवितात. मुखवट्याआड तो निरुपद्रवी राहतो. माळ पुरी झाली की आम्लाने मुखवटा उतरवितात. अमाइनच्या बाबतीत निराळी युक्ती आहे. ज्या अमाइनचा मारक हायड्रोजन काढून त्याजागी लिथियमच बसविलेला असतो, ते अमाइन स्वतःच आरंभक होते. मात्र अशी संयुगे पेट्रोलजातीच्या द्रावकात नीट विरघळत नाहीत, ही त्यांची अडचण. ती विरघळविण्यासाठी आरंभकाला आधी काही मणी ओवून देणे किंवा सोबतीला दुसरे द्रव्य घालणे अशा तोडी काढाव्या लागल्या.

तिसरी रीत मण्यावरच मुखवटा चढविण्याची. टोकियोमधील नाकाहामा आणि हिराओ यांनी १९८० च्या दशकात अल्कोहोलासारखे गट झाकलेली स्टायरीनची अनेक रूपे तयार केली आणि ती जिवंत रीतीने ओवून दाखविली. या रीतीने एकच गट नव्हे, तर क्रियाशील गटांचा अख्खा खंड माळेला जोडता येतो.

या खटपटीत पुण्याचाही वाटा आहे. मिथाइल मेथॅक्रिलेट नावाच्या एकवारिकाच्या अंगातच असा गट असतो की जिवंत टोक त्यावर घसरून स्वतःचा नाश करून घेते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दुराईराज बास्करन आणि एस. शिवराम यांनी १९९० च्या दशकात दाखविले की लिथियम परक्लोरेट हे साधे क्षार सोबत घातले तर लिथियमच्या टोकांचे घोळके बदलतात आणि माळा शिस्तीत वाढतात. रबराचे हे एकवारिक नव्हे. पण प्रश्न तोच आणि उत्तराची दिशाही तीच. आरंभक बदलण्यापेक्षा कधी कधी त्याची संगत बदलणे पुरते.

चौथी रीत सर्वांत व्यवहारी : माळ ओवून, मारून झाल्यावर मागाहून गट चिकटविणे. तीन खंडांच्या रबरातील ब्युटाडाईनच्या मण्यांत दुहेरी बंध शिल्लक असतात. त्यांवर ऊन आणि हवा हल्ला करतात. निकेल किंवा कोबाल्टचे क्षार आणि ॲल्युमिनियमचे संयुग यांच्या साह्याने या बंधांत हायड्रोजन भरतात. हे मात्र खरेखुरे उत्प्रेरक. त्यांचे कसब असे की ते ब्युटाडाईनचे बंध भरतात, पण शेजारच्या स्टायरीनच्या कड्याला हात लावीत नाहीत. असे हायड्रोजन भरलेले रबर १९७२ साली बाजारात आले. पुढे त्यावर मॅलिक ॲनहायड्राइडचे गट कलम करण्यात आले. झाडावर कलम बांधावे तसेच हे. नायलॉन कठीण असते, पण खाच पडलेल्या जागी आघात झाला की तडकते. त्यात हे कलमी रबर मिसळले की ॲनहायड्राइडचे गट नायलॉनच्या टोकांशी बांधले जातात, रबराचे सूक्ष्म थेंब नायलॉनभर घट्ट बसून राहतात आणि आघाताचा जोर पिऊन टाकतात.

पुन्हा टायरकडे

टायर नुसत्या रबराचा नसतो. रबराला बळ यावे म्हणून त्यात काजळीची पूड मळतात. चाक ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असता टायर सेकंदाला सुमारे बारा फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकून दबतो व सुटतो. दर वेळी काजळीच्या कणांची आपसांतील मिठी तुटते आणि पुन्हा जुळते. माळांची मोकळी टोके तडफडतात. या सगळ्यात शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ती शक्ती कोठून येते? गाडीच्या टाकीतील इंधनातून.

१९८० च्या दशकात जपानमध्ये माळांची जिवंत टोके टिन टेट्राक्लोराइडने एकत्र बांधलेले रबर टायरसाठी वापरात आले. काजळीबरोबर मळताना कार्बन आणि टिन यांमधील बंध तुटतो आणि मोकळे झालेले टोक काजळीच्या कणाला जाऊन चिकटते. कण एकमेकांना सोडून रबरात पसरतात, टोकांची तडफड थांबते आणि टायर कमी तापतो.

नंतर काजळीच्या जागी सिलिका आली. सिलिका म्हणजे वाळूच्याच जातीची अतिसूक्ष्म पांढरी पूड. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९९२ साली सिलिकेचा 'हिरवा टायर' बाजारात आणला. सिलिकेचा पृष्ठभाग पाण्याचा सोयरा आणि रबर तेलाचे. दोघांना जोडण्यासाठी गंधकयुक्त सिलेन हा मध्यस्थ घालावा लागतो. पुढे रबराच्या टोकालाच सिलिकॉनचे किंवा अमाइनचे गट बसविलेले रबर आले आणि माळ स्वतःहूनच सिलिकेचा हात धरू लागली. लाखाच्या रेणुभारात या गटाचा वाटा जेमतेम काही शेकड्यांचा; पण चाकाच्या फिरण्यातील तोटा त्याने बराच घटतो.

मग ओल्या रस्त्यावरची पकड? येथे निसर्गाने एक फट ठेवली आहे. चाकाचे फिरणे रबराला सेकंदाला दहा-बारा वेळा दाबते. घसरताना मात्र रस्त्यावरची बारीक खडी त्याला सेकंदाला हजारो-लाखो वेळा टोचते. पहिल्या मंद हालचालीत रबराने शक्ती परत द्यावी आणि दुसऱ्या जलद हालचालीत ती गिळावी, असे साधले तर इंधनही वाचते आणि जीवही. स्टायरीनचे प्रमाण, ब्युटाडाईनचे बसणे आणि टोकाचा गट या तिन्ही गोष्टी हातात असल्यावाचून हे साधत नाही, आणि त्या हातात येतात त्या जिवंत माळांमुळेच. युरोपात २०१२ पासून टायरवर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांची प्रतवारी छापावी लागते. आपल्या बाजूने भांडणाऱ्या दोन भावंडांची गुणपत्रिका एकाच कागदावर यावी, तसे हे आहे.

एक इच्छा अजून अपुरी आहे. श्वार्त्सच्या माळांतून वितळणारी गाठ मिळाली, पण ती टायरला चालली नाही. टायरला चालणारी गंधकाची गाठ वितळत नाही. माळेच्या टोकांवर इतका ताबा आल्यानंतरही टायरची गाठ १८३९ सालचीच आहे आणि गावाबाहेरचे ढीग वाढतच आहेत. धावताना घट्ट राहणारी आणि काम संपल्यावर सांगितले की सुटणारी गाठ कोणीतरी बांधावयास हवी. ती बांधली जाईल ती बहुधा माळेच्या मध्ये नव्हे, तर तिच्या टोकाशीच. तोपर्यंत पहिल्या पावसात गाडी सावकाश हाकावी, हे बरे.